एका इंग्रज कंत्राटदाराचा वंशविस्तार

कुलवृत्तान्त हा ग्रंथप्रकार मराठी वाचकाला नवा नाही. महाराष्ट्राबाहेर वस्ती केलेल्या मराठी कुटुंबांना तर त्याचे विशेष अगत्य असते. मूळ गाव कोणते, पूर्वज कोणत्या पिढीत देश सोडून बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबादेस आले, कोणत्या शाखेने कोठे बिऱ्हाड केले, या प्रश्नांची उत्तरे बहुधा याच ग्रंथांत सापडतात. जुन्या ग्रंथालयात त्यांचे एखादे कपाट असतेच. मात्र हे कुलवृत्तान्त वाचताना एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहत नाही. वंशवृक्षाची फांदी मुलापाशी पुढे वाढते आणि मुलीपाशी थांबते. मुलीचे नाव आलेच, तर ती कोणत्या घरी दिली एवढा उल्लेख होतो आणि तेथे तिची कथा संपते.

या पद्धतीने आपण किती इतिहास गमावतो, हे समजून घेण्यासाठी परक्या देशातील एक घराणे पाहणे उपयोगी ठरेल. इंग्लंडच्या वायव्य भागातील चेशायर परगण्यात जन्मलेला बांधकाम कंत्राटदार थॉमस ब्रॅसी याचे हे घराणे होय. त्याच्या वंशजांचा शोध केवळ पुत्रपरंपरेने घेतला, तर तो इंग्लंडातील जमीनदारांच्या वाड्यांपर्यंत जाऊन थांबतो. कन्यांच्या वाटेने घेतला, तर तो थेट मुंबईच्या मलबार हिलवर येऊन पोहोचतो.

थॉमस ब्रॅसीचा जन्म १८०५ साली चेस्टर शहराजवळच्या ब्युअर्टन या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. सोळाव्या वर्षी तो एका जमीन मोजणी करणाऱ्या गृहस्थाच्या हाताखाली उमेदवारीस राहिला. पुढे लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडे वसलेल्या बर्कनहेड येथे त्याने विटांच्या भट्ट्या आणि दगडाची खाण यांचा व्यवसाय पाहिला. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या पुलासाठी दगड पाहण्यास आलेल्या जॉर्ज स्टीफन्सनशी त्याची गाठ येथेच पडली. १८३१ साली त्याचा विवाह मारिया हॅरिसन हिच्याशी झाला. रेल्वेच्या कामांकडे वळण्याची उमेद त्याला पत्नीनेच दिली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ग्रँड जंक्शन रेल्वेवरील पेंक्रिज येथील पूल हे त्याचे रेल्वेचे पहिले मोठे काम.

यानंतरची पस्तीस वर्षे म्हणजे कामांचा अखंड ओघ होता. १८४७ पर्यंत ब्रिटनमधील रेल्वेमार्गांपैकी सुमारे एकतृतीयांश आणि त्याच्या मृत्यूपर्यंत जगातील रेल्वेमार्गांपैकी सुमारे विसावा हिस्सा त्याच्या कंत्राटातून उभा राहिला होता, असे मानले जाते. फ्रान्समधील बारांतां येथे त्याने बांधलेला कमानींचा प्रचंड पूल १८४६ च्या जानेवारीत कोसळला. त्या वेळी दायित्वाचा वाद न घालता त्याने तो स्वखर्चाने पुन्हा उभा केला. कॅनडातील ग्रँड ट्रंक रेल्वे आणि माँट्रिऑलचा व्हिक्टोरिया पूल यांच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. हिंदुस्थानात भागीदारांसह त्याने ईस्टर्न बेंगॉल रेल्वे आणि अमृतसरकडून दिल्लीकडे येणारी दिल्ली रेल्वे यांची कंत्राटे घेतली. १८७० च्या डिसेंबरात तो मरण पावला, तेव्हा त्याची मालमत्ता पन्नास लाख पौंडांहून अधिक असल्याचे सांगितले गेले.

अशा माणसाचे वंशज शोधावयाचे, तर साधने कोणती? इंग्लंडात १५३८ पासून चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचा दंडक होता. १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८४१ पासून दर दहा वर्षांच्या जनगणनेचे घरवार तक्ते उपलब्ध आहेत. ते शंभर वर्षे गोपनीय राहतात, आणि त्यानुसार १९२१ चे तक्ते २०२२ साली खुले झाले. १९३१ चे तक्ते १९४२ मध्ये आगीत जळाले, आणि १९४१ ची जनगणना महायुद्धामुळे झालीच नाही. ही पोकळी १९३९ साली युद्धारंभी केलेल्या नोंदणीने काही अंशी भरून निघते. १८५८ पासूनच्या मृत्युपत्रांची सर्व देशासाठी एकच सूची आहे. याखेरीज शहरोशहरीच्या व्यवसाय-निर्देशिका, स्थानिक वृत्तपत्रे आणि थडग्यांवरील लेख ही साधने आहेतच.

ब्रॅसीच्या कुटुंबाला ही साधने लावून पाहिली की त्यांचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दिसतात. थोरला मुलगा थॉमस १८३६ साली स्टॅफर्ड येथे जन्मला. म्हणजे सरकारी नोंदणी सुरू होण्यास अद्याप वर्षभराहून अधिक अवकाश होता, आणि त्याच्यासाठी चर्चचेच दप्तर पाहावे लागते. दुसरा हेन्री १८४० चा, त्यामुळे तो सरकारी नोंदणीच्या काळात येतो. तिसरा ॲल्बर्ट १८४४ साली जन्मला तो फ्रान्समधील रूआँ शहरी, कारण बापाचे काम त्या वेळी तेथे चालू होते. तीन भाऊ, तीन ठिकाणे. कंत्राटदाराचे कुटुंब कामामागे फिरत असते. म्हणून अशा घराण्याचा शोध घेणाऱ्याने आधी बापाने कोणत्या साली कोठे काम घेतले याची यादी करावी, आणि मग त्या त्या गावचे दप्तर उघडावे. ज्यांचे पूर्वज लष्करी छावण्यांतून वा संस्थानी नोकऱ्यांतून फिरले, त्या आपल्याकडील कुटुंबांनाही हा मार्ग उपयोगी पडण्याजोगा आहे.

पुत्रपरंपरेची कथा थोडक्यात सांगता येते. तिन्ही मुलगे पार्लमेंटचे सभासद झाले. शेतकऱ्याचा नातू असलेला थोरला थॉमस १८८६ साली बॅरन आणि १९११ साली अर्ल झाला. मध्यंतरी १८९५ ते १९०० या काळात तो ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताचा गव्हर्नर होता. त्याच्या पश्चात अर्लपद एकुलत्या मुलाकडे गेले. तो १९१९ साली निपुत्रिक वारला आणि ते पद लुप्त झाले. हेन्रीचा मुलगा लेनर्ड याला १९३८ साली स्वतंत्र बॅरनपद मिळाले आणि ते त्याच्या शाखेत पुढे चालू राहिले. आपल्या पद्धतीचा कुलवृत्तान्तकार थोरल्या शाखेपुढे ‘निर्वंश’ असे लिहून पान उलटेल.

पण ती शाखा निर्वंश झालेली नव्हती. पहिल्या अर्लला त्याची प्रथम पत्नी ॲनी हिच्यापासून मुलीही होत्या. ही ॲनी ब्रॅसी प्रवासवर्णनकार म्हणून प्रसिद्ध होती. ‘सनबीम’ या आपल्या नौकेतून १८७६-७७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करताना तिने मुलांनाही बरोबर नेले होते. १८८७ च्या प्रारंभी ती मुंबईसही येऊन गेली. त्याच सफरीत, सप्टेंबर १८८७ मध्ये, ऑस्ट्रेलियाहून परतताना ती नौकेवरच निवर्तली आणि तिला समुद्रातच जलसमाधी देण्यात आली.

तिची धाकटी मुलगी मेरी हिचा जन्म १८७५ चा. पृथ्वीप्रदक्षिणेच्या वेळी ती नौकेवरील तान्हे मूल होती. १८९२ साली तिचा विवाह फ्रीमन फ्रीमन-टॉमस या तरुणाशी झाला. पुढे त्याला लॉर्ड विलिंग्डन ही पदवी मिळाली, आणि १९१३ ते १९१८ या काळात तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्ध परिषदेत ज्याने लोकमान्य टिळकांचे भाषण मध्येच अडवले आणि त्यामुळे लोकमान्य सभात्याग करून निघून गेले, तोच हा विलिंग्डन. मुंबईतील विलिंग्डन क्लब आणि १९१९ साली स्थापन झालेले सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय यांनी त्याचे नाव मराठी मुलखात रुजविले. मद्रासची गव्हर्नरी आणि कॅनडाचे गव्हर्नर-जनरलपद भोगून १९३१ ते १९३६ पर्यंत तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. दिल्लीतील लोदी उद्यान १९३६ साली प्रथम ‘लेडी विलिंग्डन पार्क’ या नावानेच खुले झाले होते.

म्हणजे ज्या कॅनडात आजोबांनी पूल बांधला आणि ज्या दिल्लीकडे आजोबांनी रूळ आणले, त्या दोन्ही ठिकाणी नात सर्वोच्च अधिकाऱ्याची पत्नी म्हणून वावरली. चेशायरच्या शेतकऱ्याचे रक्त तीन पिढ्यांत मलबार हिलवर आले ते मुलीच्या वाटेने. मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांना लेडी विलिंग्डन ठाऊक असते, आणि रेल्वेचा इतिहास लिहिणाऱ्यांना ब्रॅसी ठाऊक असतो. दोघांचे नाते मात्र आडनाव बदलल्यामुळे सहज ध्यानी येत नाही.

मेरीची मोठी बहीण म्युरियल हिचा विवाह पुढे आठवा अर्ल द ला वॉर झालेल्या गृहस्थाशी झाला, आणि १९०२ साली घटस्फोट झाला. ती थिऑसफीच्या वर्तुळात होती. जे. कृष्णमूर्ती तरुणपणी इंग्लंडात राहिले, तेव्हा त्यांना आश्रय देणाऱ्या स्त्रियांत तिची गणना होते. तिचा मुलगा, नववा अर्ल, वंशपरंपरागत सरदारांपैकी मजूर पक्षात जाणारा पहिला म्हणून ओळखला जातो. त्याच्याच पुढाकाराने १९३५ साली बेक्सहिल येथे समुद्रकाठी द ला वॉर पॅव्हिलियन ही इमारत उभी राहिली. एरिक मेंडेलसन आणि सर्ज चेर्मायेफ या वास्तुकारांची ही कृती ब्रिटनमधील आधुनिक वास्तुकलेच्या आरंभीच्या नमुन्यांत मोडते. बांधकामाचा वारसा चौथ्या पिढीत पुन्हा प्रकट झाला, पण आडनाव ब्रॅसी नव्हते.

येथे शोधकाच्या हाती एक बारीकशी खूण लागते. म्युरियलच्या या मुलाचे संपूर्ण नाव हर्ब्रँड एडवर्ड डंडोनल्ड ब्रॅसी सॅकव्हिल असे होते. मेरीच्या धाकट्या मुलाचे नाव इनिगो ब्रॅसी फ्रीमन-टॉमस. दोन्ही बहिणींनी माहेरचे आडनाव मुलांच्या नावात मधोमध जपून ठेवले. इंग्रज वंशशोधक अशा मधल्या नावाकडे प्रथम लक्ष देतात, कारण ते बहुधा आईच्या घराण्याचा दरवाजा उघडते. मेरीचा थोरला मुलगा १९१४ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील रणभूमीवर कामी आला. धाकटा इनिगो १९७९ साली निपुत्रिक वारला आणि विलिंग्डन ही पदवीही संपली.

मग सरकारी दप्तरात आईचा माग कसा लागतो? १९११ च्या उत्तरार्धापासून जन्मनोंदींच्या छापील सूचीतच आईचे माहेरचे आडनाव येऊ लागले. आता नव्याने तयार केलेल्या सूचीत ते १८३७ पर्यंत मागे नेले आहे. या एका रकान्यामुळे असंख्य घराण्यांच्या तुटलेल्या शाखा पुन्हा जोडता येऊ लागल्या.

तथापि या सर्व कथेत एक मोठी उणीव राहते, ती नजरेआड करू नये. ऐन भरात ब्रॅसीच्या कामांवर सुमारे पाऊण लाख माणसे राबत होती. मालकाच्या वंशजांची नावे सरदारांच्या ग्रंथांत, वृत्तपत्रांत आणि मृत्युपत्रांत जागोजागी आहेत. मजुरांची नावे बहुतांशी नाहीत. बोगद्यापाशी उभारलेल्या तात्पुरत्या झोपडीत जनगणनेची रात्र आली तर एक ओळ, मूल झाले तर एक नोंद, मरण आले तर दफनवहीत एक ओळ, इतकेच त्यांच्या वाट्यास आले. हिंदुस्थानातील त्याच्या रेल्वेमार्गांवर खपलेल्या मजुरांना तर तेवढाही आधार लाभला नाही. तरीही इंग्लंडातील मजुराचा पणतू आज आपल्या पणजोबापर्यंत पोहोचू शकतो, याचे श्रेय गरीब-श्रीमंत न पाहता प्रत्येकाला एक ओळ देणाऱ्या त्या दप्तराला आहे. वंशावळ मोठ्यांचीच असते, हा समज त्या दप्तराने मोडीत काढला.

शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाच्या सभासदांनी व आश्रयदात्यांनी या उदाहरणातून दोन गोष्टी घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली गोष्ट कुलवृत्तान्तांची. यापुढे जे कोणी आपल्या घराण्याचा वृत्तान्त सिद्ध करतील, त्यांनी मुलीच्या नावापाशी लेखणी थांबवू नये. तिचे सासरचे नाव, गाव आणि मुलेबाळे यांची नोंद करावी. तसेच सून आली त्या घराण्याचे नाव व मूळ गावही लिहावे. महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्या सोयरिकीच्या धाग्यांनीच मूळ मुलखाशी आणि परस्परांशी बांधलेल्या राहिल्या आहेत. ते धागे लेकी-सुनांच्या नावांनीच सापडतील.

दुसरी गोष्ट ग्रंथालयाच्या स्वतःच्या कागदपत्रांची. सभासदांची जुनी नोंदवही, वर्गणीच्या पावत्या, देणगीदारांच्या याद्या, पुस्तकावर कोणी कोणाच्या स्मरणार्थ लिहिलेली अर्पणाची ओळ, हे सारे रद्दी नव्हे. शंभर वर्षांपूर्वी या गावी कोणती कुटुंबे होती, कोण काय व्यवसाय करीत होते, कोणत्या स्त्रीने स्वतःच्या नावाने पुस्तक नेले, याचा तो पुरावा आहे. ब्रॅसीने बांधलेले पूल आज उभे आहेत ते दगडाच्या बळावर. त्याच्या नातीचा आणि त्याच्या मजुराचा पत्ता लागतो तो मात्र कोणी तरी जपून ठेवलेल्या वहीतील एका ओळीमुळे. अशी वही जपणे हे ग्रंथालयाचे काम आहे, आणि तिच्यात ती ओळ लिहिणे हे आपल्यापैकी प्रत्येकाचे.