भांडवली तोट्याची वजावट : अमेरिकी प्राप्तिकर कायद्यातील एका मर्यादेचा इतिहास

अमेरिकेत वैयक्तिक करदात्याचा भांडवली तोटा प्रथम भांडवली नफ्यातून वळता केला जातो. उरलेल्या तोट्यापैकी वर्षाला कमाल ३,००० डॉलर पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वजा होतात व शिल्लक पुढील वर्षांत ओढली जाते. (भारतीय कायदा भांडवली तोटा पगारातून मुळीच वजा करू देत नाही.) ही मर्यादा एखाद्या करसिद्धांतातून निघाली असावी असा समज होणे स्वाभाविक आहे, वस्तुतः ती मंदीकाळातील लोकक्षोभातून निघाली.

शेअर विकून तोटा दाखवायचा आणि ३० दिवसांच्या आत तेच शेअर पुन्हा घ्यायचे, या युक्तीला १९२१ च्या कायद्याने पायबंद घातला होता. तथापि पळवाटा उरल्याच. नॅशनल सिटी बँकेचे अध्यक्ष चार्ल्स मिचेल यांनी १९२९ मध्ये १८,३०० शेअर आपल्या पत्नीस विकल्याचे दाखवून सुमारे २८ लाख डॉलरांचा तोटा वजा केला. १९३३ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. पुढे १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्के दंड मात्र कायम केला.

मॉर्गन यांचे प्रकरण याहून वेगळे आणि अधिक परिणामकारक होते. मे १९३३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे वकील फर्डिनंड पेकोरा यांनी केलेल्या चौकशीत, जे. पी. मॉर्गन व त्यांच्या भागीदारांनी १९३१ आणि १९३२ या वर्षांचा प्राप्तिकर भरलाच नसल्याचे उघड झाले. यात बेकायदा काहीच नव्हते. तोटे खरे होते, वजावटही कायदेशीर होती. परंतु बेकारीने गांजलेल्या जनतेला हा युक्तिवाद पटणे शक्य नव्हते. १९३४ च्या कायद्याने भांडवली नफ्यापलीकडची वजावट २,००० डॉलरांवर आणली. १९४२ मध्ये ती १,००० डॉलर झाली, मात्र तोटा पाच वर्षे पुढे नेण्याची मुभा मिळाली. १९६४ मध्ये ही कालमर्यादाही गेली. १९७६ च्या सुधारणेने १९७८ पासून ३,००० डॉलरांचा आकडा आला.

तो आजतागायत बदललेला नाही. केवळ महागाई जमेस धरली तरी तो १४,००० डॉलरांहून अधिक व्हावयास हवा होता. दरवर्षी मोठा नफा असणारा धनिक आपले तोटे त्या नफ्यातूनच वळते करून घेतो, त्यामुळे त्याला या मर्यादेची झळ क्वचितच लागते. मॉर्गन यांच्यासारख्यांना आवरण्यासाठी घातलेले बंधन आज प्रामुख्याने त्या पगारदाराला जाचते, ज्याने एकदाच गुंतवणूक केली, ती बुडाली आणि ३०,००० डॉलरांचा तोटा वजा होण्यास दहा वर्षे लागतात.