ब्रह्मगिरीची फेरी

श्रावणातील तिसऱ्या सोमवारी, किंबहुना त्याच्या आदल्या रात्रीपासूनच, कुशावर्तावर स्नान करून आणि त्र्यंबकराजाचे दर्शन घेऊन, ब्रह्मगिरी उजव्या हाताला ठेवीत जो अफाट समुदाय बहुतांशी अनवाणीच चालू लागतो, त्याची वाट प्रयागतीर्थावरून पहिन्याच्या बारीकडे वळते, धाडोशी-भिलमाळची भातखाचरे आणि रान तुडवते, गौतमाच्या धसाची दमछाक करणारी चढण चढते आणि सापगावावरून पुन्हा त्र्यंबकास येऊन मिळते. ही लहान फेरी. सुमारे २० किलोमीटरांची. हरिहरगडालाही कवेत घेणारी मोठी फेरी हिच्या जवळजवळ दुप्पट भरते, आणि तिच्या वाटेला जाणारे अर्थातच थोडे.

या प्रदक्षिणेचे पौराणिक मूळ शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत आहे. दुष्काळातही गौतमाचे शेत पिकत असे. मत्सरग्रस्त ऋषींनी गणपतीकरवी तेथे एक मायावी गाय सोडविली, ती हाकलण्यासाठी गौतमाने फेकलेल्या गवताच्या काडीने तिचा प्राण गेला, आणि गोहत्येच्या प्रायश्चित्तात पृथ्वीप्रदक्षिणेबरोबरच ब्रह्मगिरीच्या १०१ प्रदक्षिणा सांगितल्या गेल्या. गंगा अवतरल्यानंतरही सुटका नव्हतीच. पुन्हा ११ फेऱ्या होत्या. कट करणाऱ्यांनाही पुराणकर्त्याने फेऱ्यांतून सोडले नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

परंतु तिसराच सोमवार लोकांनी का धरला, याचा उलगडा मला पोथीपेक्षा शेतात अधिक होतो. त्र्यंबकच्या मुलखात आषाढभर भाताची आणि नागलीची लावणी चालते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या माणसाला प्रदक्षिणेचे पुण्य कितीही खुणावले तरी पाय मोकळे नसतात. श्रावण अर्धा सरेतो लावणी उरकते, ओढ्यांचा पहिला उन्माद ओसरतो, आणि ज्यांच्या बांधावरून ही वाट जाते ते कुणबी, महादेव कोळी आणि ठाकर स्वतःही चालू शकतात. सणावारांचे पंचांग ब्राह्मणांनी लिहिले खरे, पण त्यावर सही पुष्कळदा पावसाची असते.

या वर्तुळाचे भौगोलिक मर्म असे की ते एका थोर जलविभाजकाला वळसा घालते. पूर्वेच्या उतारावर गोदावरी उगम पावते आणि पश्चिम समुद्र हाकेच्या अंतरावर असावा तसा असतानाही त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत पूर्वसमुद्राला जाते. डोंगराच्या पलीकडील पाणी वैतरणेला मिळून अरबी समुद्राची वाट धरते. पहिन्याची बारी ओलांडून पुढे गेलेला यात्रेकरू, नकळत का होईना, एका समुद्राच्या खोऱ्यातून दुसऱ्याच्या खोऱ्यात उतरलेला असतो. गोदेच्या स्नानासाठी देशोदेशींचे लोक आले, तिच्या माहात्म्याच्या पोथ्या झाल्या. वैतरणेच्या वाट्याला मुख्यतः मुंबईकरांचे नळ आले.

वारकरी संप्रदायाच्या दृष्टीने या फेरीचे महत्त्व निराळेच आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत सहकुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता रात्रीच्या वेळी वाघ समोर आला, त्या पळापळीत थोरला निवृत्ती चुकला, एका गुहेत शिरला आणि तेथे त्याला गहिनीनाथ भेटले, अशी परंपरा आहे. नाथपंथाचा वारसा निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांकडे आला तो असा, वाट चुकल्यामुळे. पुढे १२९७ साली निवृत्तिनाथांनी समाधी घेतली तीही याच डोंगराच्या पायथ्याशी.

आता या डोंगराचा दुसरा इतिहास. ब्रह्मगिरी हा तीर्थपर्वत तसाच त्र्यंबकगड या नावाचा बुलंद किल्लाही होता. १६३६ साली निजामशाहीच्या अखेरच्या धडपडीत शहाजीराजांना तो मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. १६७० साली मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. त्यानंतरही तो हातोहात फिरला आणि अखेर पेशव्यांकडे स्थिरावला. गडाच्या कड्याखाली, डोंगराच्या कमरेवर जेथे सपाटी आहे तेथे, चौक्या बसविलेल्या असत. त्यांना मेट म्हणत आणि त्यांवरच्या पहारेकऱ्यांना मेटकरी. हवालदार, सबनीस, कारखानीस हे माथ्यावरचे अंमलदार. परंतु रात्री-बेरात्री कोणत्या घळीतून माणूस वर चढू शकतो, कोणता झरा वैशाखात आटतो, हे ठाऊक असे ते मेटकऱ्यांना. ते बहुधा आसपासच्या कोळ्यांतले असत, आणि चाकरीच्या मोबदल्यात त्यांना जमिनी व नेमणुका मिळत. सुपलीची मेट, जांबाची मेट, गंगाद्वार मेट या वस्त्या आजही तेथेच आहेत, आणि त्यांच्या गावाचे नावच मेटघर किल्ला असे आहे.

म्हणजे ब्रह्मगिरीला वलये दोन. वरचे मेटांचे: कोणी आत येऊ नये म्हणून. खालचे यात्रेकरूंचे: ज्याला आत यायचेच नाही, नुसते भोवती जायचे आहे. दोन्ही वलयांना डोंगराची सारखीच खडानखडा माहिती लागे, आणि दोन्हींचे मनुष्यबळ पुष्कळसे एकाच गावांतून येई.

एप्रिल १८१८ मध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या तोफांपुढे गड पडला. तेव्हापासून या डोंगराचा घेरा तिसऱ्या एका नजरेने मोजला गेला: १८८३ च्या नाशिक गॅझेटियरात पायथ्याचा परीघ सुमारे १० मैल, माथ्याचा सुमारे ४ मैल आणि कड्याची उंची २०० ते ४०० फूट अशी नोंद आहे. १० मैल म्हणजे १६ किलोमीटर. यात्रेकरूंच्या वाटेला यापेक्षा थोडे अधिक चालावे लागते, कारण शिपायाला परीघ हवा असतो आणि भाविकाला तीर्थे. गड हाती आल्यावर इंग्रजांनी वर जुजबी शिबंदी ठेवली; तेव्हा गोदावरीच्या उगमाचे दर्शन घेण्याच्या मिषाने, यात्रेकरूंच्या वेशात सशस्त्र माणसे वर शिरल्याची हकीकत त्याच गॅझेटियरात दिली आहे. मेटांची साखळी तुटली होती. माणसांची पारख करणारे कोणी उरले नव्हते.

मेटकऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न किल्ल्यांचे इतिहास लिहिणारे सहसा विचारीत नाहीत. गड ओस पडले, पहारे मोडले, नेमणुका कमी झाल्या किंवा बंद पडल्या. सह्याद्रीतील कोळ्यांचे उठाव १८३० च्या आसपास आणि नंतर राघोजी भांगऱ्यांच्या नेतृत्वाखाली झाले, त्यांच्या कारणांत ही हिरावलेली चाकरी ठळक आहे. डिसेंबर १८५७ मध्ये भिल्ल-ठाकरांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावरच छापा घातला आणि त्यातले काही याच डोंगरांत दडले. १८७८ च्या जंगल कायद्याने उरलेसुरले रानही राखीव होऊ लागले, आणि ज्यांचे आजे डोंगर राखीत त्यांना मोळी विकण्यासाठी गार्डाची मर्जी राखावी लागली.

देवालयाची कागदपत्रे विपुल आहेत. नानासाहेब पेशव्यांनी आरंभिलेले काळ्या पाषाणाचे मंदिर, होळकरांचे फडणवीस पारनेरकर यांनी बांधलेले कुशावर्त, उपाध्यायांच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरलेल्या यजमानांच्या वंशावळ्या, यांतून मंदिराचा इतिहास सहज उभा राहतो. फेरीच्या वाटेला ना सनद, ना इनाम, ना व्यवस्थापक. ओढ्यात दगड मांडून ठेवणे, घसरड्या जागी दोर धरणे, चुकलेल्याला बांधावरून हाळी देणे, ही कामे वाटेवरच्या गावांनी केली आणि त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. धाडोशीच्या अंगाला उपासाच्या दिवशी काकड्यांची आणि केळ्यांची पाटी घेऊन बसलेली बाई सकाळपासून ओळीने जाणाऱ्यांना अंतर सांगत असते. आणि विचारणाऱ्याचा चेहरा पाहून ते कमीजास्त करते, असे मी पाहिले आहे.

अलीकडे नोंदी होऊ लागल्या आहेत, त्या निराळ्या कारणाने. तिसऱ्या सोमवारी एस.टी.च्या जादा गाड्या, पोलिसांचा बंदोबस्त, कित्येक ठिकाणी डांबरी झालेली वाट. आणि २०२१ साली सुपलीच्या मेटेजवळ सुरुंग लावून डोंगर फोडला जात असल्याचे उघडकीस आले तेव्हा झालेला गदारोळ. दरडीच्या छायेत राहणाऱ्या मेटेवरच्या लोकांना त्या सुरुंगांची भीती वाटली ती पर्यावरणाच्या परिसंवादातून नव्हे. कड्याखालचा कोणता धोंडा सुटा आहे, हे त्यांना अजून ठाऊक आहे.