केक, गहू आणि पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळे वाढणे याला आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच असा नेमका शब्द आहे, आणि त्यात निषेधाचा सूर आहे. मुलांच्या वाढदिवसाला हा प्रपंच कधी कधी नाइलाजाने करावा लागतो. ज्या मुलाला सीलिॲक आजार आहे, त्याच्यापुढे केकऐवजी चिवड्याची बशी येते. बाकीची मुले केक खात असतात आणि ते बशीकडे पाहत असते. ग्लूटेनविरहित केक मिश्रणाचा पुडा घ्यायचा तो या बशीसाठी. दुकानात तो सहज उचलला जातो. पण त्याच्यामागचा इतिहास आम्हांला अनेक कादंबऱ्यांपेक्षा गुंतागुंतीचा वाटतो.

या आजारात गहू, जव आणि राय यांतील ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न अंगी लागत नाही, मुलाची वाढ खुंटते. आजही खात्रीचा उपाय एकच, जन्मभराचे पथ्य. लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या आजाराचे आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले. रोगी बरा झालाच तर आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले होते. मात्र त्यांनी वर्ज्य ठरवला तांदूळ आणि साबुदाणा, तर पावाचे पातळ, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेले काप चालतील असे सांगितले! दिशा बरोबर होती, बोट मात्र चुकीच्या ताटाकडे होते. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला आणि मुले खरोखर सुधारली. श्रेय केळ्याला मिळाले. वास्तविक त्या आहारात पाव आणि धान्ये नव्हती, गुण त्याचा होता. हास यांना ते अखेरपर्यंत पटले नाही.

गव्हावर बोट ठेवले ते विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. हेग येथील ज्युलियाना बालरुग्णालयाचे ते प्रमुख होते. त्यांच्याविषयी लोकप्रिय झालेली कथा अशी: १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी व्यापलेल्या नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली, पाव दुर्मीळ झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले, आणि सगळी मुले खंगत असताना सीलिॲकची मुले मात्र सुधारली. पुढे पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. कथा खोटी नाही, पण ती फार सुबक आहे. डिके यांनी गव्हाविना आहाराविषयीचा आपला लेख १९४१ सालीच, म्हणजे त्या हिवाळ्याच्या आधी, डच नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. युद्धकाळात, एका लहान भाषेत छापलेल्या लेखाकडे जगाचे लक्ष जावे कसे? त्याहूनही आधीची नोंद अशी आहे, की आपल्या मुलाचा पाव बंद केला की त्याच्या अंगावरचे पुरळ लगेच कमी होते, असे एका तरुण आईने त्यांना सांगितले होते. उपासमारीने त्यांची शंका दृढ केली. शंका मुळात स्वयंपाकघरातून आली होती. इतिहासलेखनाला दुष्काळाचे नाट्य आठवते, आईचे वाक्य तळटीपेत जाते. एकेका मुलाचा आहार वर्षानुवर्षे बदलून पाहत, त्याच्या वाढीच्या नोंदी ठेवत डिके यांनी १९५० साली उत्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमला शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी गव्हाचे पीठ धुऊन त्यातील पिष्ट वेगळे केले. पिष्टाने मुलांना अपाय झाला नाही. झाला तो उरलेल्या ग्लूटेनने.

पीठ धुण्याची ही युक्ती जुनी. बोलोन्याच्या बेकारी यांनी १७२८ साली कणीक पाण्यात मळून तो चिवट गोळा प्रथम दाखवला. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू भिजवून वाटतात, चीक ठेवतात आणि चोथा टाकतात, म्हणजे बेकारींनी वाहू दिले तेच आपण राखतो. (घरच्या चिकात ग्लूटेनचा अंश राहतो, तेव्हा सीलिॲकच्या मुलाला कुरडई देऊ नये.)

केकच्या बाबतीत एक सुदैव आहे. पावाला ग्लूटेनचा ताण लागतो, केकला तो नकोसाच असतो. म्हणूनच पीठ घातल्यावर केक फार घोटू नये असे सांगतात. त्याची उभारणी अंडी आणि पिष्ट करतात. तांदळाच्या पिठाला बांधून ठेवायला आपण उकड काढतो, कारखाने झँथन गम घालतात. अमेरिकेत १९२१ साली एका पीठगिरणी कंपनीने ‘बेटी क्रॉकर’ नावाची काल्पनिक गृहिणी निर्माण केली. ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे तिच्या सहीने जात. त्याच नावाने २००९ साली ग्लूटेनविरहित केकचे पुडे बाजारात आले. गव्हाच्या पिठाने जन्माला घातलेल्या पात्राने गहू सोडावा, हा विनोद कोणा लेखकाला सुचला नसता.

पुडा निवडणे हे शेवटी वाचनच आहे, आणि ते सावध वाचन हवे. ‘गहूविरहित’ आणि ‘ग्लूटेनविरहित’ हे समानार्थी शब्द नव्हेत, कारण पहिल्यात जवाचे माल्ट असू शकते. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने गव्हाचा उल्लेख सक्तीचा केला, जवाचा नाही. ‘ग्लूटेनविरहित’ शब्दाची व्याख्या तेथे २०१३ साली ठरली: दहा लाख भागांत २० भागांहून कमी. भारतातील मर्यादाही किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे. पुठ्ठ्यावरील चित्रापेक्षा घटकांची बारीक यादी मोलाची. नुसते तांदळाचे पीठ असेल तर केक रवाळ होतो. त्यासोबत बटाट्याचे किंवा टॅपिओकाचे पिष्ट असलेला पुडा आम्ही पसंत करू. आणि एका मुलासाठी वाटीएवढा वेगळा केक करण्यापेक्षा सगळ्यांसाठी तोच एक करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. चाळणी मात्र कणकेची नको, सुरी धुतलेली हवी, आणि वर पेरायच्या रंगीत गोळ्यांच्या पाकिटावरील यादीही वाचावी.