दिंडीचा गाडा आणि बांधावरची बाभूळ

दिंडीचा इतिहास विणेकऱ्यांचा, चोपदारांचा लिहितात, तो लिहावाच. पण सुरुवातीची कित्येक वर्षं आपले तंबू, शिधा नि भांडी बैलगाडीनं पंढरीला गेली, आणि त्या गाडीची चाकं होती आपल्याच बांधावरच्या बाभळीची. आजा सांगायचा ते ऐकलेली माणसं थोडी उरली, म्हणून चौथी शिकलेला मी लिहितोय.

साग सरळ, हलका, वाळला तरी पिळत नाही, दाराचौकटीला तोच. चाकाला मात्र बाभूळ. जड, चिवट, दगडावर आदळली तरी धक्का सोसणारी. दिवे घाटात भरल्या गाडीचं ओझं तुंब्यावर नि आऱ्यांवर येतं, तिथं सागाचं काम न्हाई. बाभळीला लोक वाकडी म्हणून हिणवतात. सुतार तर वाकडी फांदीच हुडकायचा. पुठ्ठ्याला बाक लागतो. तो फांदीचा अंगचाच असला म्हंजे लाकडाची रेषा तुटत नाही, पुठ्ठा चिरत नाही. एका पुठ्ठ्यात दोन आरे, असे सहा पुठ्ठे, की झालं चाक.

वरचं पांढरं लाकूड किडा खातो, ते तासून टाकायचं. आतला तांबूस गाभा तेवढा खरा. ओंडका ओढ्याच्या डोहात महिनोन्महिने बुडवायचा, मग तोंडाला शेण लावून सावलीत वाळवायचा. उन्हात टाकला की तडकलाच. पुरी वाळलेली बाभूळ वाकसाला दाद देत नाही, म्हणून मोठं तासकाम ओलेपणीच उरकायचं. शेवटी लोहार धाव तापवून चाकावर बसवायचा नि वर पाणी ओतायचा. लोखंड आवळलं की सांधे गच्च. उन्हाळ्यात आरे खुळखुळले तरी आषाढीच्या पावसात लाकूड फुगून पुन्हा घट्ट.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर गावोगाव आले, लाकडी नांगर मागं पडला. गाडी त्यामानानं टिकली. पुढं रबरी टायर, मग टेम्पो. टेम्पोला माझी ना नाही, म्हाताऱ्यांची सोय झाली. पण बांधावरच्या बाभळी वीटभट्टीला गेल्या त्या गेल्याच. आता दिसते ती बहुतेक वेडी बाभूळ, परदेशातून आलेली, जळणाला नि कोळशाला बरी.

आपल्या जुन्या गाडीचं एक चाक देवळामागं आहे. धाव गंजली, तुंबा शाबूत. असं चाक जोडणारे गावात एकच बाबा राहिलेत, ऐंशीच्या पुढचे. पोरांनी औंदा कार्तिकीच्या आधी त्यांच्याकडं जाऊन बसावं, मोबाईलमध्ये सगळं भरून घ्यावं. बाबा सांगायला तयार आहेत.