परिकल्पना परीक्षण (सांख्यिकी)

परिकल्पना परीक्षण : निरीक्षणांत आढळलेला फरक केवळ यदृच्छेने पडला असणे कितपत शक्य आहे, हे संभाव्यतेच्या आधारे तपासण्याची सांख्यिकीतील रीत. तपासावयाच्या गृहीतास शून्य परिकल्पना म्हणतात. ती खरी मानल्यास प्रत्यक्षात मिळालेली किंवा तीहून टोकाची निरीक्षणे मिळण्याची जी संभाव्यता येते, तिला पी-मूल्य म्हणतात. हे मूल्य फार लहान असल्यास परिकल्पना त्याज्य ठरविली जाते.

या रीतीचे पहिले ठळक उदाहरण इंग्लंडच्या अ‍ॅन राणीचे वैद्य जॉन आर्बथनॉट (१६६७–१७३५) यांच्या निबंधात आढळते. लंडनमधील बाप्तिस्म्यांच्या नोंदींत १६२९ ते १७१० या ८२ वर्षांपैकी प्रत्येक वर्षी मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा अधिक होती. दोन्ही शक्यता समान मानल्यास असे घडण्याची संभाव्यता १/२ चा ८२ वा घात, म्हणजे जवळजवळ शून्यच येते. आर्बथनॉट यांनी यावरून ईश्वरी योजनेचा निष्कर्ष काढला. निकोलस बेर्नुली यांनी मात्र ३५ बाजूंच्या फाशाची कल्पना केली. त्याच्या १८ बाजू मुलग्यांच्या व १७ मुलींच्या मानल्या, की नोंदींतील चढउतार सहज उलगडतात, असे त्यांनी दाखविले. समान शक्यतेचे गृहीत त्याज्य ठरले, एवढेच आर्बथनॉट यांच्या गणिताने सिद्ध होत होते. त्यापलीकडचे विधान त्यांनी स्वतःच्या पदरचे घातले होते. ही गफलत आजही विरळा नाही.

कार्ल पीअर्सन (१८५७–१९३६) यांनी १९०० मध्ये काय-वर्ग कसोटी मांडली. त्यांनी तपासलेल्या सामग्रीत वेल्डन यांनी १२ फासे २६,३०६ वेळा टाकून केलेल्या नोंदी होत्या. पाच किंवा सहा हे दान पडण्याचे प्रमाण अपेक्षित ०·३३३३ ऐवजी ०·३३७७ भरले. फरक किरकोळ दिसतो; पण ३,१५,६७२ दानांत तो प्रमाणत्रुटीच्या पाचपटींहून अधिक आहे, म्हणून यदृच्छेने पडलेला मानता येत नाही. सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ फरक व्यवहारात मोठा असतोच असे नाही, हे यावरून ध्यानात येते. डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मितिशाळेतील विल्यम गॉसेट (१८७६–१९३७) यांची अडचण उलट होती : त्यांच्याजवळ निरीक्षणे मोजकीच असत. लहान प्रतिदर्शांसाठी त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून पुढे टी-कसोटी सिद्ध झाली.

रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) यांनी १९२५ च्या ग्रंथात या कसोट्या संशोधकांच्या हाती दिल्या. ५ टक्क्यांची सार्थकता पातळी त्यांनी सोयीची म्हणून सुचविली; पुढे तिला नियमाचे रूप आले. चहात दूध आधी घातले की नंतर, हे चवीवरून ओळखण्याचा दावा करणाऱ्या स्त्रीचे त्यांचे उदाहरण (१९३५) प्रसिद्ध आहे. आठ पेल्यांतून दूध आधी घातलेले चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. चारही निव्वळ अंदाजाने अचूक निवडले जाण्याची संभाव्यता १/७०, म्हणजे सुमारे १·४ टक्के; परंतु किमान तीन अचूक निवडले जाण्याची संभाव्यता १७/७०, म्हणजे सुमारे २४ टक्के होते. तेव्हा एका पेल्याची चूकही पुरावा निकामी करते. तथापि तेवढ्यावरून त्या स्त्रीला चव कळत नाही, असे मात्र सिद्ध होत नाही.

येर्झी नेमन (१८९४–१९८१) व ईगन पीअर्सन (१८९५–१९८०) यांनी १९३३ मध्ये पर्यायी परिकल्पनेला स्थान देऊन दोन प्रकारच्या चुका वेगळ्या केल्या : खरी परिकल्पना त्याज्य ठरविणे आणि खोटी न टाकणे. दुसरी चूक टाळण्याच्या कसोटीच्या क्षमतेला सामर्थ्य म्हणतात. फिशर यांना ही निर्णयप्रधान दृष्टी कारखान्यातील मालतपासणीस योग्य, विज्ञानास अयोग्य वाटे. हा कडवट वाद फिशर यांच्या निधनापर्यंत चालला. याच सुमारास सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) लंडनमध्ये या संप्रदायात शिकले व पुढे भारतात पीक-सर्वेक्षणाच्या प्रतिदर्श पद्धतींकडे वळले.

पाठ्यपुस्तकांनी मात्र दोन्ही पक्षांची सरमिसळ केली. परिणामी पी-मूल्य ०·०३ आले, की शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता ३ टक्के, असा सर्रास अर्थ लावला जातो. तो चूक आहे : पी-मूल्याच्या गणितात ती परिकल्पना खरी धरलेलीच असते. अनेक कसोट्या करून त्यांतील सार्थ तेवढ्याच प्रसिद्ध करण्याची प्रथाही बळावली. २० खऱ्या शून्य परिकल्पना ५ टक्के पातळीवर तपासल्या, तर सरासरीने एक विनाकारण त्याज्य ठरतेच. अमेरिकन सांख्यिकी संघटनेने २०१६ मध्ये पी-मूल्याच्या वापराबाबत निवेदन काढून, केवळ ते ठराविक मर्यादेखाली आले एवढ्यावरून शास्त्रीय वा धोरणविषयक निर्णय घेऊ नयेत, असे बजावले.