खांबावरील कामगार आणि सुरक्षेचे नियम

११ ऑक्टोबर १८८९ रोजी न्यूयॉर्क शहरात जॉन फीक्स हा तारायंत्राच्या तारांवर काम करणारा लाइनमन खांबावर असतानाच विजेच्या धक्क्याने मृत्युमुखी पडला. ज्या तारेस त्याचा स्पर्श झाला ती तारायंत्राची, म्हणून निर्धोक समजली जात होती; परंतु अन्यत्र तिचा दिवाबत्तीच्या उच्च दाबाच्या तारेशी संबंध आला होता. त्याचे शव भर वस्तीत बराच वेळ तारांच्या जाळ्यात लोंबकळत राहिले. या घटनेनंतर उघड्या तारा उतरविण्याच्या मागणीस जोर चढला. तथापि लोकांचे लक्ष वेधले ते मुख्यतः तारांकडे. तारांवर काम करणारा उपेक्षितच राहिला.

१८९१ साली सेंट लुई येथे विद्युत्-कामगारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हाही १८९६ मध्ये वॉशिंग्टन येथे खांबावर धक्का बसून खाली कोसळला व मरण पावला. या धंद्यातील संकट असे दुहेरी असते. जमिनीवर कदाचित सोसवेल असा धक्कादेखील उंचीवर हात सुटल्यामुळे प्राणघातक ठरतो.

लाइनमनचा कमरपट्टा हे मूलतः दोन्ही हात मोकळे ठेवून काम करण्याचे साधन होते. चढताना आडव्या भुजा व तारा मध्ये आल्या की तो सोडावा लागे. यातूनच अनुभवी मनुष्याने मोकळेच चढावे ही रूढी पडली. १९७० च्या कायद्याने कामगारसुरक्षेसाठी केंद्रीय यंत्रणा निर्माण झाली खरी. परंतु विद्युत्-क्षेत्रासाठी तिने १९९४ साली केलेल्या नियमांनीही, बर्फ वा जोराचा वारा यांसारखी परिस्थिती नसल्यास, प्रशिक्षित कामगारास चढताना ही मोकळीक दिली. १९९८ पासून पडणाऱ्यास अडविण्यासाठी कमरपट्टा वापरणे निषिद्ध झाले. कारण त्याचा सारा हिसका कमरेवर बसतो, तर अंगभर बांधावयाच्या पट्ट्यांमुळे तो मांड्या, छाती व खांदे यांवर विभागला जातो. अखेर २०१४ च्या सुधारणेने, १ एप्रिल २०१५ पासून, चढतानाही संरक्षण सक्तीचे झाले. ते अशक्य आहे किंवा त्याने धोका वाढतो, हे मालकाने दाखवून दिले तरच त्यास अपवाद होतो.

या दीर्घ इतिहासाचे मर्म या अखेरच्या तरतुदीत आहे. पूर्वी कामगाराचे कौशल्य हाच सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा मानला जाई. आता पुराव्याचा भार मालकावर आला आहे. फीक्सच्या मृत्यूपासून येथवर येण्यास सव्वाशे वर्षे लागली.