भोंगा वाजल्यावर
दरवर्षी 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, देशभरातल्या कारखान्यांत शपथ होते, फलक लागतात, मॉक ड्रिल होते. महाडच्या एमआयडीसीत या दिवसाला वेगळे वजन आहे. 3 नोव्हेंबर 2023 रोजी इथल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगार गेले. तेव्हापासून भोंगा वाजला की एमआयडीसीलगतच्या बिरवाडीतल्या माणसाला ‘ड्रिलच असेल’ असे सहज म्हणवत नसेल.

ड्रिलमध्ये एक माणूस गृहीत धरलेला असतो. तो धडधड जिना उतरतो, वाऱ्याची दिशा पाहून आडवा निघतो, हजेरीला खणखणीत ‘हजर’ म्हणतो. या माणसाविषयी शंका आली, की वाचक आमच्या अभ्यासाच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाच्या सुरक्षेच्या, उंबऱ्यावर आला असे समजावे.

सेरेब्रल पाल्सीला मराठीत ‘मेंदूचा पक्षाघात’ म्हणतात. शब्द जरा फसवा आहे, कारण पक्षाघात म्हटले की उतारवयातला झटका आठवतो. ही इजा मात्र पोटात असताना, जन्मताना किंवा अगदी लहानपणी, वाढत्या मेंदूला झालेली असते. इजा पुढे वाढत नाही. शरीर मात्र इतरांपेक्षा लवकर थकते. कोणाचे स्नायू ताठरतात, कोणाचे हात नको तेव्हा हलतात, कोणाचा तोल जातो. बोलणे अडखळते म्हणून बुद्धीही अडखळत असेल, हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत चुकीचा. लंडनच्या विल्यम लिट्ल यांनी 1861 साली या अवस्थेचा संबंध अडलेल्या बाळंतपणाशी जोडला. पुढे फ्रॉइडने (हो, तोच) उलटी शंका काढली: बाळाच्या मेंदूत आधीच काही बिघडले असेल म्हणून तर बाळंतपण अडले नसेल?

कारखान्याचा याच्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्याला मी जपानमधल्या मिनामाताला नेतो. तिथल्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. 1956 साली आजार उघडकीला आला. काही बाळे जन्मतःच आजारी होती, त्यांच्या आया मात्र वरवर ठणठणीत दिसत. सुरुवातीला डॉक्टरांनी या मुलांना सेरेब्रल पाल्सी आहे असेच म्हटले. गर्भातली विषबाधा मान्य व्हायला 1962 उजाडले. महाडच्या सावित्री नदीकाठी असे घडले, असे मी सुचवत नाही. नदीकाठी रसायने हाताळणाऱ्या गावाने ही गोष्ट ऐकलेली असावी, इतकेच.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले. कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क आला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी नावानिशी आहे. दोन्ही कायदे जाणणारा माणूस मात्र एका टेबलाशी क्वचितच भेटतो.

आणि प्रश्न तर अगदी बारीक आहेत. सेरेब्रल पाल्सी असलेली अनेक माणसे अचानक आवाजाने जबर दचकतात, अंग ताठरते. मग त्यांच्यासाठी भोंगा ही सूचना की नवा धोका? जबड्याचे स्नायू ओढले जात असतील तर वायूचा मुखवटा घट्ट बसेल का? दुसऱ्या पाळीच्या शेवटी पाय भरून आल्यावर जिना कोणाच्या आधाराने उतरायचा, आणि तो आधार देणारा त्या दिवशी रजेवर असेल तर? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी छिब यांच्या आत्मकथनाच्या नावातच एक इवलेसे बोट आहे. त्या बोटाने टाइप करून त्या शिकल्या, पुढे मुंबईत पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी उभी केली. एका बोटाचे काम कंट्रोल रूममध्येही असू शकते. तिथवर रॅम्प हवा.

पोलादपूरच्या डोंगरवाडीतून येणाऱ्याचा धोका तर कारखान्याच्या गेटच्या आधीच सुरू होतो. 22 जुलै 2021 ला महाड पुरात होते आणि तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. अशा वेळी न चालणाऱ्याला कोण उचलणार, हे वाडीत आधी ठरलेले असते का?

घाईतल्या सेफ्टी ऑफिसरने या विषयात जिन्यापासून शिरावे, आईबापांनी बाळंतखोलीपासून. गावातल्या आशा सेविकांनी कुठूनही यावे. त्यांची ये-जा बाळंतिणीच्या घरीही असते आणि कामगाराच्या घरीही.